रविवारची दुसरी पिशवी

आमच्या घरात एक वाटणी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात झाली आणि पुढं तीस वर्षं ती कुणी मोडली नाही. मासळी मी आणायची, मटण ह्यांनी. हा काही आमच्या एकट्याच्या घरचा कायदा नाही. रविवारी सकाळी उलव्यात कुठल्याही मटणाच्या दुकानापुढं जाऊन उभं राहा, रांगेत सगळे पुरुषच दिसतील. बर्मुडा, विस्कटलेले केस, हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर असा गंभीरपणा, की जणू आत देशाचं बजेट चाललं आहे. ह्याच पुरुषांना मासळीबाजारात उभं केलं, तर पापलेट कुठलं आणि हलवा कुठला हे सांगता यायचं नाही.

मी दिवाळे गावातल्या कोळ्यांची मुलगी. लग्न करून घणसोली गावातल्या आगऱ्यांच्या घरात आले. पुढं गावातलं घर पाडून तिथं बिल्डिंग उठली आणि आम्ही दोघं चार वर्षांपूर्वी उलव्याला टॉवरमध्ये राहायला आलो. मुलगा नोकरीला बंगळुरात, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीत. मासळीत मला फसवणारी अजून जन्माला यायची आहे. कल्ले उचलून रंग बघायचा, पोटावर बोट दाबायचं, डोळा बघायचा, भाव ऐकायचा आणि पाठ फिरवायची. चार पावलं गेलं की मागून हाक येतेच. मटणाचं मात्र मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. ते कापून घरी यायचं, मी धुवायची आणि शिजवायची. कळून घ्यायची गरजच कधी पडली नाही.

गेल्या वर्षी हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओल्या लादीवरून घसरले आणि पाय मोडून बसले. सहा आठवड्यांचं प्लास्टर. पहिला रविवार आला तशी मी पिशवी काढली. तर हे म्हणाले, राहू दे, नको जाऊस, एक रविवार मटण नाही खाल्लं तर कोण मरत नाही. माझे कानच उभे राहिले. हा माणूस तापानं फणफणलेला असतानाही रविवारी स्कूटीला किक मारून गेलेला मी पाहिला आहे. मला वाटलं, माझी काळजी वाटते. मला जरा बरंही वाटलं. म्हटलं, मी आणते, त्यात काय मोठंसं. शेवटी नाइलाजानं म्हणाले, दुकानात सांग, लाल स्कूटीवाल्या काकांच्या घरून आले, अर्धा किलो मिक्स द्या. एवढंच बोलले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

दुकान नवीन, चकाचक. पांढऱ्या लाद्या, काचेचा काउंटर, आत टांगलेली बोकडं. रांगेत मी एकटी बाई. माझा नंबर आला तेव्हा मी काचेच्या पलीकडं बघितलं आणि पहिल्यांदा घाबरले. कुठं बघायचं असतं? डोळा नाही, कल्ले नाहीत, मुंडकं तर केव्हाच वेगळं झालेलं. तरी सवयीनं मी काउंटरवरून हात लांब केला आणि ठोकळ्यावर ठेवलेल्या मांडीत बोट दाबलं. खाटकानं उचललेला सत्तूर तसाच हवेत धरला आणि म्हणाला, "ताई, हात नका लावू." मागं कुणीतरी खोकल्याच्या निमित्तानं हसलं.

मग त्यानं विचारलं, पुढचं देऊ की मागचं. मी आयुष्यभर बोकड म्हणजे एकच सलग वस्तू समजत आले होते. म्हटलं, चांगलं असेल ते द्या. बोलले आणि माझी मलाच लाज वाटली, कारण मासळीच्या पाटीपुढं उभी राहून जी बाई असं म्हणते तिच्या गळ्यात काय काय मारता येतं, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. शेवटी लाल स्कूटीचं सांगितलं. खाटकाचा चेहरा एकदम खुलला. काका आज कसे नाही आले म्हणाला, मी प्लास्टरचं सांगितल्यावर हळहळला, आणि हात चालवता चालवता म्हणाला, "मग दोन पार्सल ना ताई? नेहमीसारखं?"

आता इथं शहाण्या बाईनं विचारलं असतं, कसली दोन पार्सल? पण मागं दहा पुरुष उभे. नवऱ्याच्या दर रविवारच्या सवयीची बायकोला खबर नाही, हे त्या दहा जणांना मी कशाला कळू देईन? झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं, "हो तर. नेहमीसारखंच."

त्यानं दोन काळ्या पिशव्या हातात दिल्या. मी घरी आले, चपला काढल्या आणि घड्याळ बघितलं. निघाल्यापासून पंचवीस मिनिटं झाली होती.

पंचवीस मिनिटं. ह्यांना दोन तास लागायचे. साडेआठला गेलेला माणूस साडेदहाला यायचा आणि म्हणायचा, काय ती रांग. मी कांदा-खोबरं भाजून, वाटण करून वाट बघत बसायची. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढं आठ माणसं होती, तरी पंचवीस मिनिटं. मग बाकीचा दीड तास कुठं जात होता?

मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि दुसरी पिशवी सोडली. आत पावभर खिमा. मी त्याच्याकडं बघतच राहिले. आमच्या घरात तीस वर्षांत खिमा शिजलेला नाही. ह्यांना तो बघवत नाही. कुणीतरी चावून ताटात ठेवल्यासारखं वाटतं म्हणतात. म्हणजे दर रविवारी हा खिमा विकत घेतला जात होता आणि घरी येत नव्हता.

मी तो फ्रीझरमध्ये बोंबलांच्या डब्यामागं ठेवला आणि एकच पिशवी हातात घेऊन बाहेर आले. मनात म्हटलं, आता बघू. सरळ माणूस असेल तर विचारेल, दुसरी पिशवी कुठं आहे, आणि मग सगळं हसण्यावारी जाईल. ह्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाले, "खाटीक काय बोलला का?" मी म्हटलं, खाटीक काय बोलणार. त्यावर "हं" म्हणाले आणि टीव्ही लावला.

त्या "हं"नं माझा आठवडा खाल्ला. कुठंतरी पाणी मुरतंय एवढं कळत होतं, पण कुठं ते कळेना. तसं विचारायला मला कोण अडवत होतं? पण विचारायचं म्हणजे मला ठाऊक नव्हतं हे कबूल करायचं, आणि ते लपवतात म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे हेही धरून चालायचं. मी भाकऱ्या थापताना, कपडे वाळत घालताना तोच हिशेब करत होते. बाई असावी का? अठ्ठावन्न वर्षांचा, ढेरी सुटलेला, गुडघ्याला तेल चोळणारा माणूस. आणि समजा असलीच, तर तिच्यासाठी गजरा नाही, साडी नाही, पावभर खिमा? मला हसू यायचं आणि हसता हसता रडूही यायचं. कधी वाटायचं कुत्र्याला घालत असतील. पण कुत्र्याला कोण मटणाचा खिमा घालतं, कुत्र्याला टाकाऊ छाट मिळते दुकानातून. रात्री हे शेजारी घोरत असायचे आणि मी त्यांच्याकडं बघत पडायची. ह्या माणसाच्या बनियनला कुठं भोक आहे ते मला माहीत आहे, आणि रविवारचे दोन तास माहीत नाहीत. मला भीती वाटत होती. राग मी वरवर करत होते, आत भीतीच होती.

दुसऱ्या रविवारी मी तयारीनं गेले. खाटकाला सरळ विचारायचं नाही, कोळणीसारखं विचारायचं असं ठरवलं होतं. म्हटलं, गेल्या वेळी खिमा जरा जाडा निघाला हो. त्याला ते लागलं. यंत्र दाखवत म्हणाला, "जाडा कसा निघेल ताई? काकांचा खिमा मी दोनदा फिरवतो. चरबी काढून, शिरा काढून. काका बोलले ना, दात नाहीत, एकदम मऊ पाहिजे."

मी मान डोलावली, जणू मलाच ते सांगायचं होतं. पिशव्या घेतल्या आणि बाहेर येऊन रिक्षा स्टँडच्या कट्ट्यावर बसले.

दात नाहीत. म्हणजे बाई गेली, ते एक ओझं उतरलं. पण माणसाला दात नसतात ते दोनच वयांत. एकदा डोक्यात आलं की लहान बाळ, आणि त्या कट्ट्यावर बसल्या बसल्या मला घाम फुटला. मग मीच माझ्या डोक्यात टपली मारली, की अगं, बाळाला कोण खिमा भरवतं. म्हणजे म्हातारं माणूस. सासू-सासरे जाऊन वर्षं झाली. घणसोलीत ह्यांची एक आत्या आहे. घरी येताच तिला फोन लावला, तब्येतीची चौकशी केली आणि हळूच विचारलं, दातांचं कसं काय. आत्या म्हणाली, कवळी लावते, कालच नळी फोडून खाल्ली, आणि भाचा गणपतीपासून तोंड दाखवायला आलेला नाही. आत्याही गेली यादीतून. ह्यांचे जुने मास्तर? ते शाकाहारी. मी ओळखीतल्या एकेका म्हाताऱ्याचं तोंड आठवून दात मोजत होते. भाजी फोडणीला टाकून तशीच उभी राहिले आणि लसूण जळली.

दुसरा खिमाही बोंबलांच्या मागं गेला. ह्यांची मात्र आता चुळबुळ सुरू झाली होती. रविवारी दुपारी दोनदा कुबडी घेऊन गॅलरीत गेले. मोबाइल हातात घ्यायचे आणि मी आले की ठेवून द्यायचे. जेवणात लक्ष नाही. मटणातली नळी तशीच ताटात राहिली.

तिसऱ्या रविवारी माझा धीर संपला. दुकानातून आले, त्या दिवशीचा खिमा ह्यांच्या मांडीवर ठेवला, फ्रीझरमधल्या दोन दगड झालेल्या पिशव्या त्याच्या शेजारी ठेवल्या आणि समोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, हे कुणाचं आहे ते सांगा. जे असेल ते सांगा, पण आज सांगा.

हे त्या पिशव्यांकडं बघत राहिले. थंड पिशवीवर हात ठेवून म्हणाले, "तू दोनी रविवारी आनलास? आन हितंच ठेवलास?" मग म्हणाले, "तुझ्या आयचा हाय."

 मी जे बोलले ते आजही आठवलं की मला माझं नवल वाटतं. मी म्हटलं, "माझ्या आईला दात आहेत."

ह्यांनी हळूच नाही अशी मान हलवली.

"सगळे आहेत," मी म्हटलं. "चिंबोरीची नांगी ती दातानं फोडते." मी हे भांडण्याच्या सुरात सांगत होते, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या आईला खिमा नेऊन देत होते आणि चूक त्यांची होती.

आईशी माझं बोलणं बंद होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. बाबा गेले त्या दिवशी मी मुलीकडं डोंबिवलीला होते. निरोप मिळाल्यावर धावत निघाले, पण दिवाळ्याला पोचेपर्यंत भावानं आणि गावकऱ्यांनी बाबांना उचललं होतं. मी अंगणात शिरले. बायका बसल्या होत्या. आईनं माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाजार उठल्यावं गिऱ्हाईक आला." जन्मभर मासळी विकलेली बाई, तिच्या तोंडी दुसरं काय येणार. ती दुःखानं बोलली हे मला तेव्हाही कळलं होतं. पण ते मला इतकं लागलं, की दहाव्या-बाराव्याला मी परक्यासारखी जाऊन आले आणि पुन्हा त्या घराची पायरी चढले नाही. तिनंही बोलावलं नाही. आम्ही दोघी एका मुशीतल्या. भावाशी बोलणं तिच्याबरोबरच तुटलं.

हे उलव्याला आल्यापासून दर रविवारी जात होते. मटण घ्यायचं, तिथून स्कूटीवर दिवाळ्याला, खिमा द्यायचा, तासभर बसायचं आणि परत. भावजय रविवारी बाजारात असते, भाऊ तिच्या मदतीला. म्हातारी सकाळी एकटी असते. आईला मासळीचा कायम कंटाळा, जीव सगळा मटणावर, हे मलाही माहीत होतं. आमच्या लहानपणी रविवारी ती दुसऱ्यांना पापलेट विकायची आणि घरी येताना स्वतःला पावभर मटण आणायची.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. हे म्हणाले, "तू नको बोलली असतीस. मग मना बंद करायला लागला असता."

 मी खरंच नको म्हटलं असतं. चार वर्षांपूर्वी तर नक्कीच, गेल्या महिन्यातसुद्धा. मला राग नक्की कुणाचा आला होता ते मला कळत नव्हतं. फसवलं तर होतं. पण कशात फसवलं म्हणायचं? मी ह्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग त्या दिवशीची ताजी पिशवी उचलली, पायात चपला घातल्या आणि खाली जाऊन रिक्षा केली.

रिक्षात मी काय बोलायचं ते ठरवत होते. वाटेत तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. एकदा वाटलं, पिशवी दारात ठेवावी आणि परतावं. एकदा वाटलं, आधी त्या बाजाराच्या गिऱ्हाइकाचा निकाल लावावा. रिक्षावाला विचारत होता, आंटी, किधर लेना है, आणि मी ज्या गल्लीत वाढले तिथलं वळण मला सांगता येईना. दोन घरांवर मजले चढले होते.

आई ओटीवर खुर्चीत बसली होती. आधी तिची नजर माझ्या हातातल्या काळ्या पिशवीवर गेली, मग माझ्यावर आली. किती बारीक झाली होती. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. ती म्हणाली, "पाय कसा हाय त्याचा?"

बोलायला तिनं तोंड उघडलं तेव्हा मला दिसलं. वर काही नव्हतं. खाली एका बाजूला एकच दात होता. गाल आत गेले होते आणि हनुवटी नाकाकडं आली होती. ही माझी आई होती आणि मी तिला रस्त्यात ओळखलं नसतं.

पाय बरा आहे म्हटलं. आणखी तीन आठवडे. ह्यांना प्लास्टर कधी घातलं ते तिला फोनवरून कळलं होतं, मुलीच्या मुलाला शाळेत घातलं तेही ठाऊक होतं, माझा बीपी वाढला होता तेही. माझ्या घरातलं सगळं तिच्याकडं दर रविवारी पोचत होतं. मी आत गेले, तिच्या पायाशी बसले आणि विचारलं, दात कधी पडले. ती आठवायला लागली. म्हणाली, "तुझा बाप गेला त्या सालापासून हाललं. मग येकेक करून गेलं." कवळी घेतली होती, टोचते म्हणून डब्यात ठेवली आहे. दोन रविवार काय जेवलीस, असं मी विचारलं. काही विशेष नाही म्हणाली, पेज होती.

मला रडायचं होतं, पण तिच्यासमोर कसं रडायचं हे मी विसरले होते. म्हणून उठले. म्हटलं, खिमा मी करते, तू बस. स्वयंपाकघर तिचंच, पण डबे सगळे हललेले. मीठ शोधलं, तेल शोधलं. कांदा चिरला. मसाल्याचा डबा उघडला आणि चमचा हातात घेऊन थांबले. ह्या बाईच्या हातचं तिखट खाऊन मी मोठी झाले. पण आता तिला किती चालतं, ते मला माहीत नव्हतं.

मी तिथूनच ओरडून विचारलं, आई, तिखट किती टाकू.

"मना काय ठाव," आई ओटीवरून म्हणाली. "माझ्या हातान कुठं होतंय आता. जावईच करतो."

आमच्या घरात ज्या माणसाला चहाची साखर सापडत नाही, तो. मी चमचा तसाच हातात धरून ह्यांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. मी विचारलं, तिखट किती. हे म्हणाले, आधी पानी गरम करून ठेव, खिमा सुका ठेवू नको, तिला गिळत नाही. तिखट पाव चमचा, त्याच्यावर नको, ठसका लागतो. मग आलं किसून टाक, ठेचू नको, रेषा तोंडात येतात. मी फोन कट्ट्यावर ठेवला आणि ते सांगतील तसं करत गेले.